बारशाआधीच्या ओळी

लताबाईंच्या डिंकाच्या लाडवांबद्दल गंगापूर रोडवर जे बोललं जायचं त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि उरलेलं निम्मं कोणी तपासून पाहिलं नव्हतं. कढईत तूप तापून डिंक फुलायला लागला की वास थेट सोमेश्वरापर्यंत जायचा म्हणे. शेजारच्या सोसायटीतल्या एका रिटायर्ड तलाठ्याने तो वास रोजच्या रोज घेतला, तर त्यालाच बाळंत झाल्यासारखं वाटायला लागलं. कानाला फडकं बांधून गडी सव्वा महिना घराबाहेर पडला नाही. तलाठ्याचं सोडा, पण फडकं खरं होतं. गॅलरीत वाळत घातलेलं ते रेहानाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तर दोन हजार सातच्या जानेवारीत, नाशिकची थंडी हाडात शिरली होती तेव्हा, या लताबाईंच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये तीन माणसं काम करत होती. लताबाई कढईपाशी. रेहाना फोनवर, आणि फोन नसेल तेव्हा पॅकिंगला. आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे ललित. धंद्याचं नाव ‘माहेरपेटी’. लेक बाळंत झाली की दुबईतला भाऊ, अमेरिकेतला नवरा, नाहीतर पुण्यातली मावशी, कोणीतरी वेबसाइटवर जाऊन वर्गणी भरायचं, आणि मग बाळंतिणीच्या पत्त्यावर दर दहा दिवसांनी एक पेटी जायची. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतशोपा, धुरीला ओवा. पहिली पेटी बाळ आठवड्याचं व्हायच्या आत पोचवायची, असा लताबाईंचा हट्ट होता.

या सगळ्याचा हिशेब ललितच्या डेटाबेसात. त्याने तो एकट्याने, तीन महिने डोळे फोडून उभा केला होता आणि त्याबद्दल बोलताना तो जरा छाती काढायचा. एक टेबल वर्गणीदारांचं. एक पेट्यांचं, त्यात कुठल्या घाण्याचे लाडू कुठल्या पेटीत गेले तेसुद्धा. आणि एक बाळांचं, त्यात बाळंतिणीचं नाव, फोन, बाळाची जन्मतारीख. कॉम्प्युटर इतका म्हातारा होता की त्याला प्रश्न विचारून द्वारकेच्या चौकात चहा पिऊन यावं, तरी तो विचारच करत बसलेला असायचा. पण उत्तर द्यायचा.

पेट्यांचं टेबल बाळांच्या टेबलाशी जोडायचं कशाने, यावर ललितने सुरुवातीला बरंच डोकं खाजवलं होतं. नुसत्या वर्गणीदाराच्या नंबराने भागेना. न्यू जर्सीच्या एका काकूंनी लेक आणि सून दोघींसाठी एकदम वर्गणी भरली, आणि सुनेचे लाडू लेकीकडे गेले. त्यावरून त्या घरात जे झालं ते इथे सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून ललितने पक्कं केलं, की वर्गणीदाराचा नंबर आणि बाळाचं नाव, दोन्ही टेबलांत दोन्ही जुळलं तरच ओळ बाहेर काढायची. बाळाला नाव असतं, फ्रिजला कंपनीचा नंबर असतो तसं, अशी त्या चोवीस वर्षांच्या बिनलग्नाच्या माणसाची समजूत.

त्या शुक्रवारी सकाळी ललित गॅरेजमध्ये शिरला तेव्हा लताबाई दोन्ही हात खोबरेल तेलात बुडवून बसल्या होत्या. बोटांवर टपोरे फोड आले होते.

“काय झालं हो काकू? कढईत हात घातलात की काय?”

“बिब्बा उतलाय,” लताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “सोमवारी-मंगळवारी जी नवी गोडंबी वापरली ना, ती मी हातांनी निवडली. मला वाटलं तिखटाने होतंय.”

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. तो लाडवात पडतो, बाळंतिणीच्या कमरेला बळ देतो म्हणतात. पण बिब्ब्याच्या कवचातलं काळं तेल जरा जरी त्याला चिकटून राहिलं, तर कातडी भाजल्यासारखी उठते. पेठ तालुक्यातून नेहमी येणारी गोडंबी संपली, म्हणून लताबाईंनी यंदा बाजारातून दुसरीच आणली होती. तिच्यावरचं तेल नीट गेलेलं नव्हतं.

“कशावरून काकू? तुम्हाला नुसती ॲलर्जी असेल.”

“कशावरून? आत्ताच ठाण्याहून फोन आला,” रेहाना म्हणाली. तिच्या हातात रिसीव्हर तसाच होता. “नवरा बोलत होता. त्याची बायको बोलूच शकत नाहीये. ओठ भज्यासारखे फुगलेत म्हणाला. मी त्याला विचारलं लाडू कुठला खाल्ला, तर तो माझ्यावरच ओरडला. बरोबर आहे त्याचं.”

लोक दुसऱ्याच्या चांगल्या कामात बिब्बा घालतात, ते नुसतं बोलण्यापुरतं. इथे तो सव्वाशे रुपये किलोने विकत आणून तुपात तळून घातला गेला होता.

“ललित,” लताबाई म्हणाल्या, “त्या घाण्याचे लाडू कोणाकोणाला गेले, ते काढ. एक बाई सुटता कामा नये. बाळंतीण आहे रे ती. अंगावर पाजतेय.”

ललितने क्वेरी लिहिली. सोमवारचा आणि मंगळवारचा घाणा, पेट्यांचं टेबल, बाळांचं टेबल, जोडणी नेहमीची. एंटर दाबलं. कॉम्प्युटरने घरघर केली, पंखा फिरला, आणि बऱ्याच वेळाने पडद्यावर सदतीस ओळी उमटल्या. प्रत्येक ओळीत बाईचं नाव, गाव, फोन.

त्याने सगळ्यात आधी एक नाव शोधलं. तृप्ती. त्याची मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी, म्हणजे नाशिक रोडला त्यांच्याच घरी आली होती. मुलगी झाली होती. मेव्हणे मस्कतला, त्यांनी तिकडून वर्गणी भरली होती आणि पेटी ललितने स्वतः स्प्लेंडरच्या टाकीवर ठेवून घरी नेली होती.

तृप्ती त्या सदतीसांत नव्हती. वाचली, असं त्याच्या मनात आलं. पेटी कुठल्या दिवशी नेली होती, ते त्याला नीट आठवत नव्हतं. आठवायची गरजही वाटली नाही. डेटाबेस सांगतोय ना.

मग फोन सुरू झाले. रेहाना एका लाइनवर, लताबाई मोबाइल कान आणि खांद्यामध्ये दाबून धरत दुसऱ्यावर.

“हॅलो, माहेरपेटी नाशिक. ताई, डिंकाचा लाडू खाऊ नका. नाही ताई, स्कीम नाही. बक्षीस नाही लागलं. लाडू... अहो टाकून द्या! कुत्र्याला पण घालू नका.”

“हॅलो, मी लता बोलते. खाल्लात? किती? फक्त एक? खाज सुटलीय? आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा बाई. गोडंबीचं तेल पोटात गेलंय असं स्पष्ट सांगा. हो, चूक माझी आहे. माझीच. तुम्ही बोला मला नंतर, आधी जा.”

सांगलीच्या एका सासूबाईंनी रेहानाला पंधरा मिनिटं सोडलं नाही. मालेगावच्या एका घरात लाडू पाहुण्यांनीच संपवले होते आणि आता चार काका तोंडाला तूप फासून ओळीने बसले होते. ते ऐकून रेहानाला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही. पाच-सहा बायकांना त्रास झाला होता. बाकीच्यांनी अजून डबा उघडला नव्हता. ललित एकेका नावापुढे खूण करत गेला. दुपारी सदतिसावी खूण झाली.

“झालं,” तो म्हणाला.

लताबाई स्टुलावर बसल्या आणि फोड आलेले हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. रेहानाने चहा टाकला.

“शेवटची ती चांदवडची बाई,” रेहाना कप पुढे सरकवत म्हणाली, “नशिबाने वाचली बघ. लाडू सासूने आधी चाखायचा अशी त्यांच्यात रीत. आणि सासूचा काय तर शुक्रवार. ‘माझा उपास आहे, उद्या चाखीन, मग तू खा.’ मी म्हटलं, आज्जी, असाच उपास करत जा.”

ललितचा कप ओठापर्यंत जाऊन थांबला.

पेटी त्याने आईच्या हातात दिली होती तेव्हा आई म्हणाली होती, “मंगळवार आहे रे माझा. मी उद्या चाखीन. ताईला दे.”

मंगळवार. मंगळवारी दुपारी बांधलेली पेटी, मंगळवारी संध्याकाळी घरी.

“मग ती यात का नाही?” तो मोठ्याने म्हणाला.

“कोण?”

“ताई. तृप्तीताई माझी.”

त्याने नुसतं पेट्यांचं टेबल उघडलं आणि मेव्हण्यांचा नंबर टाकला. ओळ होती. घाणा मंगळवारचा. मग बाळांचं टेबल उघडलं. तिथेही ओळ होती. तृप्तीचं नाव, नाशिक रोडचा पत्ता, घरचा फोन, मुलीची जन्मतारीख. आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात चार इंग्रजी अक्षरं. नल.

बारसं परवा, रविवारी होतं. नावावरून घरात अजून तीन तट होते. आई एक नाव धरून बसली होती, मेव्हणे मस्कतहून रोज नवीन सुचवत होते, आणि ताई म्हणत होती, आत्या येऊन काय ते कानात सांगू दे.

“नल आहे,” ललित म्हणाला.

“नळाचं काय?” लताबाईंनी मान वर केली. “मागचा ना? सोडून ठेवलाय का कोणी?”

“नळ नाही काकू, नल. म्हणजे नाव अजून ठाऊक नाही. हा डेटाबेस... दोन्हीकडे नाव ठाऊक नसलं तर ती दोन जुळतात असं तो मानत नाही. एका ठाऊक नसलेल्या नावाशी दुसरं ठाऊक नसलेलं नाव कसं जुळणार, असं त्याचं म्हणणं. मी जोडणी नावाने केली. ज्या बाळाचं बारसं झालेलं नाही, त्याची ओळ तो गुपचूप गाळतो. एरर देत नाही. काहीच सांगत नाही.”

“थांब थांब,” रेहाना म्हणाली. “म्हणजे आपण सकाळपासून ज्यांना फोन केले...”

“त्या सगळ्या बारसं झालेल्या बाळांच्या आया.”

“आणि बारसं न झालेल्या? पहिल्या पेटीवाल्या?”

पहिली पेटी बाळ आठवड्याचं व्हायच्या आत. लताबाईंचाच हट्ट. सगळ्यात कोवळी बाळं, सगळ्यात ओल्या बाळंतिणी, आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं. वर्षभर महिन्याअखेरच्या आकड्यांत पाच-दहा ओळी कमी यायच्या. ललितने त्या पाहिल्या होत्या. थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच, असं म्हणून तो पुढे गेला होता.

त्याने घरचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. बारशाची बोलावणी चालली असणार. आई एकदा फोनला बसली की नाशिक रोडचं एक्स्चेंज तिच्या एकटीसाठी चालायचं.

“तू घरी जा,” लताबाई म्हणाल्या. “गाडी काढ. आम्ही बघतो इकडचं.”

ललित उठला. किल्ली हातात घेतली. मग खाली बसला.

“तुम्हाला नाही काढता येणार, काकू. क्वेरी बदलायला लागेल. आणि या बायकांचे फोन पण नीट नाहीत. हॉस्पिटलमधून घाईघाईत वर्गणी भरतात, बाईच्या फोनच्या जागी नवऱ्याचाच टाकतात. शोधावे लागतील.”

“अरे पण तुझी बहीण...”

“माहितेय!” तो इतक्या जोरात ओरडला की रेहानाच्या हातातला चहा सांडला. “माहितेय काकू. नंबर फिरवत राहा आमच्या घरचा. लागला की सांगा.”

त्याने नावाची जुळवणी काढून टाकली. नुसत्या वर्गणीदाराच्या नंबराने जोडलं, आणि बाळाचं नाव जिथे नल आहे त्या ओळी दे म्हणाला. एंटर दाबलं. कॉम्प्युटर घरघरत बसला. ललितने त्याच्यावर हात ठेवला. गरम होता, तापलेल्या पोराच्या कपाळासारखा. त्याला प्रथमच त्या यंत्राची भीती वाटली. सकाळी ते खोटं बोललं नव्हतं. विचारलं तेवढ्याचं नेमकं उत्तर देऊन गप्प बसलं होतं.

अकरा ओळी आल्या. चौथी तृप्तीची.

उरलेल्या दहांपैकी सहा बायकांचे फोन सरळ होते. रेहानाने ते धडाधड लावले. चौघींचे परदेशातले. ललित जुने ईमेल, वर्गणीच्या वेळी लिहिलेली टिपणं उकरत बसला; कुठे भावाचा मोबाइल, कुठे शेजाऱ्याचा पीपी नंबर. अमेरिकेत पहाट होती. झोपेतून उठवलेला एक नवरा आधी शिव्या देऊन मग रडायलाच लागला. नगरच्या बाईने आदल्या दिवशी दोन लाडू खाल्ले होते आणि तिला दवाखान्यात ठेवलं होतं. कशाने झालं ते डॉक्टरांना कळत नव्हतं. लताबाईंनी त्या डॉक्टरांशी बोलताना एकही शब्द झाकला नाही. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी गॅसचं बटण बंद आहे की नाही ते तीनदा पाहिलं. गॅस सकाळपासून बंदच होता.

“घरचा?” ललित मधूनमधून विचारायचा.

“एंगेज रे,” रेहाना म्हणायची. “तुझी आई काय सगळ्या महाराष्ट्राला जेवायला बोलावतेय का?”

एरवी तो हसला असता.

उन्हं कलली तेव्हा एकच बाई राहिली. इगतपुरीची, रेल्वे क्वार्टर्समधली मीना. फोन वाजत होता. उचलत कोणी नव्हतं. ललितने तो नंबर हातावर लिहिला आणि गाडीला किक मारली.

द्वारकेच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकल्यावर त्याला वाटलं, खाली उतरून पळत सुटावं. ताईला फोन करायला सकाळी एक मिनिट लागलं असतं. सकाळी नऊला. तेव्हा एंगेज नव्हता फोन, आई नऊला देवपूजा करते. त्या एका मिनिटाऐवजी त्याने पडद्याकडे पाहिलं होतं आणि वाचली म्हणाला होता.

घराचं दार उघडंच होतं. आत शेजारणी, आणि फोनवर आई.

“हा काय, आला बघा ललित,” आई फोनमध्ये म्हणाली. “हो हो, रविवारी अकराला...”

ललितने फोन कट केला.

“अरे! मामी होत्या...”

“ताई कुठाय?”

आतल्या खोलीत अंधारवजा उजेड होता. तृप्ती भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुजून उलटे झाले होते, डोळ्यांच्या फटी उरल्या होत्या, गळ्यावर लाल चट्टे. मांडीवर मुलगी रडत होती आणि तृप्ती तिला वाटी-चमच्याने पाणी पाजत होती.

“दुपारपासून असं झालंय,” आई मागून म्हणाली. तिचा आवाज आता उतरला होता. “डॉक्टर येऊन गेले. इंजेक्शन दिलंय. काय खाल्लं विचारत होते. मी म्हटलं, काही नाही हो, घरचंच. ललितच्या ऑफिसातला लाडू फक्त. तो तर चांगलाच असणार. डॉक्टर म्हणाले, कळेपर्यंत अंगावर पाजू नका. पोर उपाशी आहे रे तीन तास.”

“लाडूच आहे, आई. गोडंबीला बिब्ब्याचं तेल होतं. डॉक्टरांना फोन कर, हेच सांग. आत्ता. नाही, थांब. मी करतो.”

त्याने केला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, अर्ध्या तासात येतो म्हणाले. ललित परत आत आला आणि पलंगाच्या पायाशी जमिनीवर बसला.

“लल्या,” तृप्ती म्हणाली. शब्द जाड होऊन बाहेर पडत होते. “तुला कधी कळलं?”

तो खोटं बोलू शकला असता. आत्ता कळलं म्हणाला असता, तर तिने मानलं असतं.

“सकाळी.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या फटींतून काय दिसत होतं कोण जाणे.

“सकाळी मी नव्हता खाल्ला,” ती म्हणाली. “डबाच आज जेवणानंतर उघडला.”

“तू उत्तरात नव्हतीस, ताई. बाळाला अजून नाव नाही ना. मी नावावरून शोधत होतो, म्हणून तू आलीच नाहीस. तुझ्यासारख्या अजून दहा जणी...”

मुलगी रडून रडून दमली होती. आता नुसती कण्हत होती. तृप्तीने वाटी खाली ठेवली.

“त्यांना कळलं? दहा जणींना?”

“नऊ जणींना. इगतपुरीची एक उचलत नाहीये.”

तृप्तीने मुलगी आईकडे दिली, भिंतीला धरून उठली आणि बाहेर फोनपाशी गेली. शेजारणी मागे सरकल्या. तिने ललितचा हात मनगटाला धरून उलटा केला, हातावरचा नंबर वाचला आणि फिरवला. वाजत राहिला. बंद झाला. पुन्हा फिरवला. ललित म्हणाला, “ताई, तू बस, मी करतो,” पण तिने ऐकलं नाही. कितव्यांदा तरी पलीकडून कोणीतरी उचललं. बाईचा बारीक आवाज, आणि मागे बाळ.

“मीना?” तृप्ती म्हणाली. सुजलेल्या तोंडाने ते भलतंच काहीतरी ऐकू आलं असावं, कारण पलीकडची दोनदा “कोण? कोण?” म्हणाली. तृप्तीने डोळे मिटले आणि एकेक अक्षर दाबून काढलं. “मी पण बाळंतीण आहे. नाशिक रोडहून. डिंकाचा लाडू. खाऊ नको.”

मग ती बाई म्हणाली, “काल खाल्ला. तोंड आलंय ते त्याचंच का? इकडे सगळे म्हणतात मी तिखट चोरून खाल्लं.”

“त्याचंच,” तृप्ती म्हणाली. “तू नाही काही केलंस.”

तिने पलीकडे कोण कोण आहे ते विचारलं. श्वास नीट येतोय का विचारलं. रेल्वेच्या दवाखान्यात लगेच जा, बिब्ब्याचं तेल म्हणून सांग, लिहून घे, असं म्हणाली. अवघड शब्द दोन-दोनदा उच्चारले. पलीकडची रडायला लागली तेव्हा ती गप्प थांबून राहिली, फोन न ठेवता.

पत्ता विचारून घ्यावा, गाडी पाठवावी, आपली चूक आहे म्हणून सांगावं, असं ललितला वाटलं. त्याने हात पुढे केला. तृप्तीने त्याच्याकडे पाहिलं, आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावून त्याच्याकडे पाठ केली.